सफराला एसी

"पहिलं भोक तुम्ही पाडा," हागोप म्हणाला आणि त्याने ड्रिल बाबांच्या हातात दिलं.

कुवेतच्या शुवैख भागातल्या त्याच्या गॅरेजात दोन मोठे पंखे गरगरत होते आणि तीच तापलेली हवा या भिंतीकडून त्या भिंतीकडे ढकलत होते. जून नुकता लागला होता. सफरा बॉनेट उघडं टाकून मधोमध उभी होती. बाबांनी दिशदाशाच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, बाह्या वर सारल्या, ड्रिल दोन्ही हातांनी धरलं आणि तसेच उभे राहिले.

"याकूब, अजून वेळ गेलेली नाही," मिशारीकाका मागून म्हणाले. ते बाबांचे जुने मित्र, आणि जुन्या गाड्यांच्या क्लबचे चिटणीस. "एकदा पत्र्याला भोक पडलं की ती जुनी गाडी राहत नाही. नुसती जुनाट गाडी होते."

"मला माहीत आहे."

"प्रदर्शनात पहिल्या रांगेत तिला उभी करता येणार नाही मला. मागे, बदल केलेल्या गाड्यांत जावं लागेल. तिथे कोण येतं बघायला? पोरं येतात, मोठमोठे कर्णे लावलेल्या गाड्या वाजवायला."

"मागे तर मागे," बाबा म्हणाले, आणि ड्रिल सुरू झालं.

इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यातून चकाकता कीस गळायला लागला. मिशारीकाका बाहेर जाऊन उभे राहिले. बाबांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण त्यांनी हात हलवला नाही. भोक आरपार गेल्यावर त्यांनी त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "दाना, आईला फोन लाव. सांग, झालं सुरू."

सफरा म्हणजे पिवळी. इंग्लंडात बनलेली, पण इथल्यासारखं डावीकडे चाक असलेली, दोन माणसांची, बुटकी स्पोर्ट्स कार. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी बाबांनी ती इथे कुवेतमध्ये एका इंग्रज इंजिनिअरकडून घेतली. बाबा टेलिफोन खात्यात कारकून होते. अमक्याची लाइन मेली, तमक्याच्या फोनमध्ये खरखर आहे, हे ऐकून घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. लोक फोनवर त्यांच्यावर ओरडत, आणि ओरडणाऱ्यांपैकी एकानेही कधी त्यांचं नाव विचारलं नाही. पण दर हिवाळ्यात समुद्रकाठच्या प्रदर्शनात सफरा पहिल्या रांगेत लागे, बाबा नवा गुत्रा डोक्याला बांधून तिच्याशेजारी उभे राहत, आणि येणारा प्रत्येक जण आधी गाडीला हात लावू का म्हणून विचारी आणि मग बाबांना त्यांचं नाव.

आईला मज्जातंतूंचा आजार आहे. अंगाला गरमी लागली की तिच्या डोळ्यांपुढे धुकं येतं आणि पाय तिचे राहत नाहीत. थंड खोलीत, चाकांच्या खुर्चीत ती बरी असते; भांडते, विणते, टीव्हीवरच्या फुटबॉलच्या पंचांना शिव्या देते. माझ्या मोठ्या जीपमध्ये हिवाळ्याइतका गारवा असतो, तिच्यातून ती दवाखान्यात जाते. सफरात मात्र हिवाळ्यातही तिला बसवेना. या गाड्यांत इंजिनाची सगळी धग पायांशी येते. गेल्या फेब्रुवारीत बाबांनी तिला हौसेने फिरायला नेलं. परत आले तेव्हा तिला समोरचं दार दिसत नव्हतं. मी आणि बाबांनी तिला उचलून आत आणलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सफरावर कापड टाकलं आणि मिशारीकाकांना गिऱ्हाईक बघायला सांगितलं. बहरीनमधला एक संग्राहक लगेच तयार झाला. भोक नाही, डाग नाही, जशी कारखान्यातून निघाली तशीच गाडी, म्हणून त्याला ती हवी होती.

हे आईला जेवताना कळलं. मचबूसचं, मटणाच्या मसालेभाताचं, ताट तिने बाजूला सारलं.

"आजारी मी आहे," ती म्हणाली. "घराबाहेर तिला कशाला काढतोस?"

आई-बाबा सख्खी चुलत भावंडं, लहानपणापासूनचं अरे-तुरे.

"तुला सोडून एकट्याने फिरू का मी आता?" बाबा म्हणाले.

"मग तिला एसी बसव."

"सबीका, ती इंग्लंडात बनली आहे. तिथे लोक उन्हाची वाट बघत बसतात. एसीला जागाच ठेवलेली नाही तिच्यात."

"बनली असेल तिथे. राहिली तर इथे ना? मासळीबाजाराला एसी आहे, बसच्या थांब्याला एसी आहे, आणि हिने काय घोडं मारलंय?" आणि बाबांना बोलू न देता तिने पुढचं सांगून टाकलं. "आणि मला ऑगस्टमध्ये फिरायचंय. भर दुपारी. फेब्रुवारीत काय, गाढवावर बसूनही जाता येतं."

बाबा हसले नाहीत. पण त्या रात्री त्यांनी मला गाडीवरचं कापड काढायला लावलं, आणि मोजपट्टी घेऊन बॉनेटखाली वाकले.

हागोप सीरियातल्या हलबचा आर्मेनियन. त्याच्या मते माणसाने दोनच गोष्टी शोधल्या, भाकरी आणि कॉम्प्रेसर. त्याने कॉम्प्रेसरला आधार द्यायला लोखंडी कोन स्वतः कापून बनवला, कारण विकतचा कोणताच त्या अरुंद जागेत शिरेना. जुना डायनॅमो काढून जास्त वीज देणारा अल्टरनेटर लावला. गाडीच्या तळाला आणि इंजिनाकडच्या पत्र्याला आतून जाड अस्तर चिकटवलं. बाबा रोज सकाळी त्याच्यासाठी झाअतरचा, ओव्याच्या वासाचा मसाला लावलेल्या पोळ्या घेऊन जात आणि दुपारी काळे हात घेऊन घरी येत. आई त्यांना सोफ्यावर बसू देत नसे आणि सगळं विचारून घेई.

"पंखा कुठे बसला?"

"डॅशबोर्डखाली. तुझ्या बाजूला."

"माझ्या बाजूला म्हणजे?"

बाबा बोलता बोलता थांबले. थंड हवेची पेटी, जिच्यातून वारा येणार ती, बरोबर तिथे बसली होती जिथे आईचे गुडघे येणार होते. तिचे पाय बसल्यावर पूर्ण दुमडत नाहीत, पुढे ताठ राहतात.

तरी खात्री करायची म्हणून मी आईला जीपमधून गॅरेजात नेलं. हागोपने थंड पाण्यात भिजवलेला टॉवेल तिच्या मानेवर ठेवला. आम्ही तिला सफरात बसवलं. पाय पेटीला अडले आणि दार लागेना.

हागोप जमिनीवर बसून तिच्या गुडघ्यांकडे आणि पेटीकडे आळीपाळीने बघत राहिला.

"काय मोजतोस?" आई म्हणाली. "पेटी कापणार की पाय?"

"उम्म दाना," हागोप म्हणाला; म्हणजे दानाची आई, तो तिला असंच बोलावी. "पेटी माझी आहे. पाय तुमचे. पेटीच हलेल."

"कुठे हलेल?"

"ते अजून तिने मला सांगितलेलं नाही."

आई इतकी हसली की टॉवेल खाली पडला. आणि हागोपने खरंच ती पेटी पार मागे नेली, सीटांच्या पाठीमागच्या फळीवर, जिथे आम्ही पूर्वी छत्री आणि खरबुजं ठेवायचो. तिथून दोन नळ्या दारांच्या खालून पुढे आणल्या. एकीचं तोंड आईच्या पायांशी उघडलं, दुसरीचं तिच्या चेहऱ्याशी. डॅशबोर्ड जसाच्या तसा राहिला. मिशारीकाका ते बघायला आले, बराच वेळ आत डोकं घालून बसले आणि म्हणाले, "मागच्या रांगेत सगळ्यांत पुढे लावेन."

जुलैच्या शेवटी पहिली चाचणी झाली. बाबा आणि हागोप दोघंच गेले. वारा गार येत होता, बाबा खुशीत होते. मग ते एका सिग्नलला थांबले. तापमानाची सुई सरळ लाल पट्ट्यात गेली, बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली, आणि मागच्या टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, चहा किती वेळात होईल. गाडी दोरीला बांधून परत आली. बाबा घरी येऊन हात धूत बसले.

"उकळली?" आईने विचारलं.

"उकळली. आता पुरे झालं, सबीका. तिच्या आवाक्यातलं नाही हे. उगाच इंजिन जाईल."

"हागोप काय म्हणाला?"

"तो म्हणाला मोठा रेडिएटर बसवू, पुढे विजेचा पंखा लावू. तो काय, म्हणेलच. त्याला विमानाचं इंजिन बसवायला सांगितलं तरी हो म्हणेल."

"मग विमानाचं बसवू दे," आई म्हणाली. "मी आता मागे हटत नाही."

ऑगस्टच्या मधल्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, मोठा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवलेली सफरा आमच्या दाराशी उभी राहिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. बाबांनी आधीच इंजिन चालू ठेवून आत गारवा करून ठेवला होता. आईने मोतिया रंगाचा रुमाल बांधला, काळा चष्मा लावला, आणि तिच्या खुर्चीपासून गाडीपर्यंतच्या चार पावलांत मी तिच्यावर छत्री धरली. पाय आत गेले. दार लागलं. आईने काचेतून माझ्याकडे बघून हात हलवला, जणू ती लंडनला निघाली होती.

मी जीपमधून मागे. शेजारी हागोप, मांडीवर पाण्याचे दोन डबे घेऊन, आणि मागच्या सीटवर घडी केलेली खुर्ची. आम्ही खाडीच्या रस्त्याला लागलो. समुद्र इतका चकाकत होता की बघवत नव्हतं.

"जवळ जा," हागोप म्हणाला. "पाणी गळतंय का बघू दे." आणि लगेच, "इतकी जवळ नको, तिला गरम वारा लागेल."

समुद्रकाठच्या कुवेत मनोऱ्यांच्या अलीकडच्या सिग्नलला लाल दिवा लागला. सफरा थांबली. आम्ही तिच्या मागे थांबलो. हागोपने आर्मेनियन भाषेत काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली. मी बॉनेटच्या फटींकडे बघत होते, आणि तापलेल्या रस्त्यावरून उठणाऱ्या झळा मला वाफेसारख्या दिसत होत्या. एवढ्यात माझा फोन वाजला. आई होती. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"हागोप तिथे आहे का?"

"आहे, उम्म दाना. काय झालं? सुई कुठे आहे?"

"सुई मधे आहे. तू शाल ठेवायला सांगितलं नाहीस. माझे पाय गारठले."

हागोपने डबे खाली ठेवले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. दिवा हिरवा झाला. सफरा पुढे निघाली, पण हिसका देत. पुढे पुन्हा एक हिसका.

"गिअर अडतोय," हागोप घाबरून म्हणाला. "असं कसं? गिअरबॉक्सला मी हात लावलेला नाही."

मी त्यांच्या मागच्या काचेतून बघितलं. दोन डोकी, मधे हागोपची पेटी. पुढचा हिसका बसायच्या आधी आईचा डावा खांदा खाली गेला आणि वर आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. बाबांचे दोन्ही हात चाकावर दिसत होते.

"ती टाकतेय," मी म्हणाले.

"काय?"

"गिअर. बाबा क्लच दाबतायत आणि आई गिअर टाकतेय."

आई मुलींच्या शाळेत खेळ शिकवायची आणि तरुणपणी सफरा तीच चालवायची. बाबा शेजारी बसून दाराला घट्ट धरून असायचे, असं आजी सांगायची. मी आईला चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. मला कळायला लागलं तेव्हा पेडल दाबण्याइतका जोर तिच्या पायांत उरला नव्हता.

हिसके हळूहळू कमी झाले. सरळ रस्त्यावर सफराने वेग घेतला. खांदा खाली गेला, वर आला, आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकली.

"चौथा," हागोप म्हणाला, आणि मान मागे टेकून त्याने डोळे मिटले.

ते सालमियापर्यंत गेले, वळले, आणि पुन्हा तोच रस्ता धरून आले. फिरून झाल्यावर सफरा घरापुढे थांबली. बाबा उतरले. मी खुर्ची काढून दिली, ती त्यांनी उघडली आणि आईच्या दाराशी आणून लावली. आईने आतून मान हलवली. अजून नको.

बाबांनी दारावरचा हात मागे घेतला. इंजिन चालू होतं. खालच्या नळीतून पाण्याचे थेंब डांबरावर पडत होते आणि पडल्या जागी वाळत होते. आत आई सरळ बसली होती, एक हात गिअरच्या दांड्यावर, समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत.

"बाबा, तुम्ही तरी सावलीत या," मी म्हणाले.

"थांब," ते म्हणाले. "ती बसली आहे."

त्यांची दिशदाशा पाठीला चिकटली होती. खुर्चीच्या मुठी उन्हाने तापल्या होत्या. ते मुठीवरचा एक हात सोडत होते, मग तो परत ठेवून दुसरा सोडत होते, आणि तसेच उभे होते.