हेडनोटच्या पुढची पानं

आवडाबाईने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून, चांगली ताठ मानेने, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आणि आपण काय केलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

प्रश्न तसा साधाच होता. पाटलांच्या वकिलांनी चष्मा कपाळावर चढवून, अगदी मऊ आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही त्या जागेवर जवळा सुकवता. त्याबद्दल पाटलांना काही देता की नाही?"

आवडाबाईला वाटलं, हा माणूस आपल्याला फुकटी ठरवतोय. ती उसळली. "देतो तर! आमी काय भिकारी हाव? दर वर्साला पाटीभर जवला पाटलाच्या घरी जातो. माजी सासू द्यायची, आता मी देते. इचारा पाटलाला."

पाटलाला विचारायची गरजच नव्हती. न्यायाधीशांनी ते वाक्य टायपिस्टला सांगितलं, मशीन खडखडलं, आणि पाटलांचे वकील "आणखी काही विचारायचं नाही" म्हणून खाली बसले. मागच्या बाकावर बसलेल्या कोळणी खूश झाल्या. आवडाबाईने वकिलांना खिंडीत गाठलं, असं त्यांना वाटलं. नंदा बिर्जेने मात्र हातातलं पेन खाली ठेवलं.

नंदा ही आवडाबाईच्या वकिलांची, महिपतराव शितोळ्यांची ज्युनिअर. राहायची डोंबिवलीत, कोपरला, आणि कल्याणच्या कोर्टात येऊन तिला तीन वर्षं झाली होती. हा दावा तिनेच लिहिला होता. खाडीच्या काठाला मोरू पाटलाची मोकळी जमीन होती. तिथे कोळीवाड्यातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, पसरून सुकवत आल्या होत्या. आता सत्त्याऐंशी साल. डोंबिवलीत जिथे बघावं तिथे बिल्डरचे बोर्ड लागत होते, आणि मोरू पाटलालाही बिल्डर भेटला होता. भिंत घालायला विटासुद्धा येऊन पडल्या होत्या. ती जागा गेली तर जवळा सुकवायचा कुठे? घराच्या ओट्यावर चार मुठी मावतात. आणि सुकला नाही तर जवळा दुसऱ्या दिवशी फेकायच्या लायकीचा होतो. त्या बायकांचा पावसाळा त्या सुक्या जवळ्यावरच निघायचा.

दाव्यात नंदाने लिहिलं होतं की हा वहिवाटीचा, रूढीने चालत आलेला हक्क आहे. पण असा हक्क मागायचा तर तो हक्काने वापरलेला असावा लागतो, कुणाच्या मेहेरबानीने किंवा परवानगीने नव्हे. आणि आवडाबाईने तर भर कोर्टात सांगून टाकलं की आम्ही दर वर्षी मोबदला देतो. पाटीची गोष्ट नंदाने तिला आधी कधी विचारलीच नव्हती. जुन्या दाव्याचा नमुना समोर ठेवला, नावं बदलली, चतुःसीमा घातल्या आणि मोकळी झाली होती.

बाररूममध्ये पाटलांच्या वकिलांनी महिपतरावांपुढे एक झेरॉक्स ठेवला. वरच्या कोर्टाचा जुना निकाल. म्हणजे निकाल कसला, त्याचं पहिलं पान. निकालाच्या डोक्यावर छापणारे लोक चार ओळींत सार देतात, त्याला वकील हेडनोट म्हणतात. त्यात होतं : गावकरी दर वर्षी जमीनमालकास वस्तुरूपाने काही देत असल्यास तो वापर परवानगीने झालेला समजावा, रूढीचा हक्क सिद्ध होत नाही.

"महिपतराव, उगाच ताणू नका," ते म्हणाले. "पुढच्या तारखेला तडजोड लिहून द्या. कडेची एक पट्टी सोडायला लावतो पाटलाला, दोन वर्षांपुरती."

महिपतराव हा मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. साताऱ्याकडून आलेला, फीसाठी अशिलाच्या मागे न लागणारा. पण वाचनाचा त्यांना मनापासून कंटाळा. हेडनोट वाचली की निकाल वाचला, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि तशी ती कल्याणात अर्ध्याअधिक वकिलांची होती, म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि सुस्कारा सोडला.

"संपलं गं नंदा. बाईने स्वतःच्या तोंडाने घालवलं. तिला तडजोडीचं समजावून सांग."

"सर, पूर्ण निकाल बघू का एकदा?"

"बघ की. पण त्यात काय वेगळं असणार? सार म्हणजे सारच ना."

कल्याणच्या बार लायब्ररीत निकालांचा तो खंड नव्हता. जागा होती, खंड नव्हता. कुणी नेला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून शनिवारी नंदा ठाण्याला निघाली. रेल्वेचा त्या दिवशी काहीतरी घोळ होता. ती भिवंडीवरून जाणाऱ्या एसटीने खडखडत ठाण्याच्या खोपट स्टँडवर उतरली आणि घामाघूम होऊन जिल्हा कोर्टाच्या लायब्ररीत पोचली. तिथे खंड होता. पाठीवरची शिवण सुटलेली, पण पानं शाबूत.

तिने पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. इंग्रजी जुनं, वाक्यं लांबलचक, मध्येच लॅटिन. पहिली पाच-सहा पानं तर नुसती त्या गावाची हकिगत होती, आणि नेमकी तीच पानं लोक उलटतात. त्या गावचे लोक मालकाच्या कुरणात गुरं चारत. त्याबद्दल दर वर्षी धान्य देत. पण कधी देत? हंगामाआधी. मालकाच्या दारात जाऊन, यंदा सोडू का गुरं, असं विचारून. आणि एका वर्षी मालक नाही म्हणाला, तर त्या वर्षी एकही जनावर त्या कुरणात शिरलं नव्हतं.

नंदा थांबली. हे हेडनोटमध्ये कुठेच नव्हतं.

शेवटाकडे न्यायमूर्तींनी स्वच्छ लिहिलं होतं की काही दिलं म्हणजे ती परवानगीचीच किंमत, असं सरसकट धरता येणार नाही. आपल्याकडे शेजारधर्म म्हणूनही माणसं एकमेकांना देतात. म्हणून प्रत्येक प्रकरणात पाहावं : देणं वापराच्या आधी होतं की नंतर? ज्या वर्षी दिलं नाही, त्या वर्षी वापर थांबला का? आणि मालकाकडूनही उलट काही जात होतं का?

ती टुणकन उठलीच. मग स्वतःला दटावून पुन्हा बसली. कारण निकाल जुना होता, आणि मधल्या वर्षांत तो कुणी मोडीत काढला असेल तर तो घेऊन कोर्टात जाणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. दुपारभर तिने पुढच्या वर्षांच्या सूच्या चाळल्या. दोन ठिकाणी त्याचा उल्लेख सापडला. दोन्ही निकाल उघडून वाचले. दोन्हीत तो उचलून धरलेला होता, आणि तोही त्या शेवटच्या भागासाठी. ज्या कागदाने तिचा दावा बुडवायला काढला होता, त्याच निकालात तिचा दावा तरत होता.

तरत होता, पण उत्तरं मिळाली तर! आणि ती उत्तरं ठाण्याच्या लायब्ररीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कोळीवाड्यात गेली. आवडाबाई जाळ्याचा फाटका कोपरा सांधत बसली होती. तडजोडीचं तिच्या कानावर आलं होतं; तिचं तोंड उतरलं होतं.

"माज्या तोंडानं गेली ना गो जागा? आता वाड्याला काय तोंड दाखवू?"

"गेली नाही अजून. मला नीट सांगा. पाटी कधी देता तुम्ही? जवळा पसरायच्या आधी की नंतर?"

आवडाबाई तिच्याकडे बघत राहिली. शिकलेल्या बायकांना इतकंही कळू नये, याचं तिला खरंच नवल वाटलं. "सुका जवला देतो बाय. सुकवल्याबिगर सुका कसा देनार?"

नंदाला स्वतःचंच हसू आलं. "आणि कुठल्या वर्षी दिली नाही, असं झालंय?"

"गोमाजी पाटील गेला, तवा. मोरूचा बापूस. घरात सुतक, मासली कशी न्यायची? नाय दिली त्या साली."

"आणि जवळा?"

"जवला काय सुतक पालतो? सुकवला की. कोन कशाला अडवल?"

"मागे मालकाला विचारून सुकवायचा, असं कधी?"

"कुनाला इचारायचं? सासूच्या सासूपासून चाललंय."

नंदाने शेवटचा प्रश्न विचारला. "तुम्ही पाटी नेऊन दिलीत. पाटी परत कशी यायची?"

आवडाबाईचे हात थांबले. "गोदूबाय होती ना, मोरूची आय. लय जीव तिचा आमच्यावर. पाटी कवा रिकामी नाय आली तिच्याकडनं. नवं तांदूल भरून द्यायची. हे कशाला सांगायचं कोर्टात? हे सगल्यांकडंच असतं."

सगळ्यांकडेच असतं, म्हणूनच ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही.

सोमवारी नंदाने सगळं महिपतरावांपुढे मांडलं. त्यांनी निकालाचा झेरॉक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. जरा वेळ लागला. मग चष्मा काढून ते म्हणाले, "पंचवीस वर्षं मी हेडनोटा वाचून दाखवतोय. त्यातल्या किती उलट्या निघाल्या असत्या कुणास ठाऊक." आवाज नेहमीपेक्षा खाली होता. नंदाला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली.

"पण पोरी, एक अडचण आहे," ते पुढे म्हणाले. "आपले साक्षीदार संपले. आता पिंजऱ्यात येणार मोरू पाटील. तांदळाचं कबूल करायचं ते त्याने. तो कशाला करेल? त्याचा वकील कच्चा नाही. 'आठवत नाही' एवढं म्हणाला की तुझी तिन्ही उत्तरं गेली."

"विचारून तरी बघते, सर."

"बघ. उलटतपास तूच घे."

मोरू पाटील पन्नाशीचा, पांढऱ्या झकपक कपड्यांतला, कोर्टात पहिल्यांदाच बोलणारा. त्याच्या वकिलांनी त्याच्याकडून घोटवून घेतल्यासारखं वदवलं : पाटी हे जागेचं भाडं होतं, वडिलांच्या परवानगीनेच सगळं चाललं होतं.

नंदा उभी राहिली.

"पाटील, पाटीत सुका जवळा असायचा की ओला?"

"सुका."

"कुठे सुकवलेला?"

"तिथंच. आमच्या जागेवर."

"तुमचे वडील वारले त्या वर्षी पाटी आली होती?"

"सुतक होतं. नव्हती आली."

"त्या वर्षी जवळा सुकवू नका, असं तुम्ही सांगितलंत?"

"असं कसं सांगनार?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्याने वकिलांकडे पाहिलं. वकील खाकरले.

आता राहिला होता तो तांदूळ. भाडं आणि शेजारधर्म यांत फरक करणारी तेवढीच एक गोष्ट. मागच्या बाकावरच्या कोळणी पुढे सरकून बसल्या होत्या.

"तुमच्या आई, गोदूबाई. आवडाबाईंची पाटी त्या कशी परत पाठवायच्या?"

मोरू पाटलाने रुमाल काढला. कपाळावरचा घाम टिपला. वकील पुन्हा खाकरले, या वेळी जरा जोरात.

न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्या. आठवत नसेल तर तसं सांगा."

"आठवतं साहेब," मोरू पाटील म्हणाला. "तांदूल भरून. नव्या भाताचं. हात थरथरायचे शेवटी, तरी सुनेला भरू द्यायची नाय. आमच्या घरातनं कुनाची पाटी रिकामी नाय गेली कवा."

टायपिस्टचं मशीन खडखडलं. महिपतराव टेबलावरच्या कागदांकडे बघत बसले. आवडाबाई पदराने डोळे पुसत होती. जिंकलो हे तिला अजून कळलेलं नव्हतं, ती गोदूबाईसाठी रडत होती.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. देवघेव ही शेजारधर्माची होती, परवानगीची किंमत नव्हे, आणि बायकांचा रूढीचा हक्क शाबीत आहे, असं न्यायाधीशांनी लिहिलं. भिंतीला कायमची मनाई झाली. वाड्यातल्या बायकांनी कोर्टाच्या आवारातच महिपतरावांना आणि नंदाला गराडा घातला.

त्या गराड्यातून सुटून नंदा जिन्याशी आली, तर मोरू पाटील एकटाच उभा होता. चुकवून जाणं तिला बरं वाटेना. पूर्ण निकाल वाचला म्हणून ती जिंकली, हे खरं होतं. पण त्या वाचनाने तिच्या हातात नुसता प्रश्न दिला होता, हे तिला पुरतं कळत होतं.

"पाटील, तुमचं नुकसान झालं," ती म्हणाली.

"झालं ना. बिल्डर गेला." तो जिन्याच्या कठड्यावर हात फिरवत राहिला. "आमच्या वकिलानं सांगितलेलं, तांदलाचं इचारलं तर आठवत नाय म्हन. घरून येताना घोकत आलेलो मी."

"मग?"

"अवो बाय, आय होती ती माजी. आठवत नाय कसं म्हननार?"