वाढलेला वेळ

मी लॅपटॉपच्या पोटातली बॅटरी. मला तोंड नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात जो आकडा दिसतो, तेवढंच माझं बोलणं. अजून किती वेळ चालेन, ते मी त्यातून सांगते.

मला घरी आणलं ते अविराजनं. माळेगावात कारखान्याच्या ऑफिसात तो नोकरीला होता. संध्याकाळी घरी आला की खाटेवर बसून काम करायचा. चार्जर कायम लावलेला असायचा, त्यामुळे माझ्यावर चालायची पाळी क्वचितच यायची.

एका पावसाळ्यात त्याची गाडी घसरली आणि तो घरी आला नाही. लॅपटॉप खाटेवर होता तसाच राहिला, चार्जरला लावलेला. त्याची आई कौसल्या कुणाला बटण बंद करू देईना. "त्यानं लावून ठेवलंय, राहू द्या," म्हणायची. वर्ष उलटलं तरी मी भरलेलीच होते. पोटातून काही जाईना की नवं काही येईना. भरलेलं काय आणि रिकामं काय, हेच मी विसरून गेले.

मग अविराजच्या बायकोनं, रेश्मानं, मला हातात घेतलं. पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या करायची नोकरी होती, त्यासाठी ती तयारी करत होती. अलीकडं दुपारी लाईट जाऊ लागली होती. तेव्हा ती माझ्यावर काम करायची आणि सासू शेजारी येऊन बसायची. कोपऱ्यातला आकडा कसला, असं सासूनं विचारलं. उरलेला वेळ दाखवतो, असं रेश्मानं सांगितलं.

त्या दिवसापासून कौसल्या आकड्याकडं बघत बसू लागली. रेश्मा चहा टाकायला उठली की लॅपटॉपवर काम चालायचं नाही, माझा खर्च उतरायचा आणि माझा अंदाज वर चढायचा. कौसल्येला यातलं काय कळणार?

"वाढलं बघ," ती हळूच म्हणाली. "दीड तास व्हता, आता दोन झालं. अवि वाढवून देतोय."

रेश्माच्या हातातला कप तसाच राहिला. त्यानंतर कामाला बसताना ती खाटेवरची अविराजची बाजू मोकळी ठेवू लागली.

मुलाखतीच्या दिवशीही लाईट गेली. मी दोन तास दाखवत होते आणि रेश्मा त्या भरवशावर निवांत बोलत होती. एका प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर असताना मी विझले. काळ्या स्क्रीनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि शेजारी सासूचा.

कंपनीनं पुन्हा तारीख दिली. रेश्मा मला बारामतीला परवेजच्या दुकानात घेऊन गेली. तो अविराजचा शाळेपासूनचा मित्र. तपासून तो म्हणाला, "वहिनी, ही खोटं बोलत न्हाय. तिलाच म्हाईत न्हाय आपल्यात किती उरलंय. पूर्ण भरा, मग चार्जर काढून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पार रिकामी होऊ द्या. मग न थांबता पुन्हा भरा. तिला तिचा तळ कळला की आकडा ताळ्यावर येईल."

घरी हे ऐकून कौसल्या दाराशीच बसली. "म्हंजी त्याला एकदा मरू द्यायचं," ती म्हणाली. रेश्मानं खूप समजावलं. शेवटी सासू म्हणाली, "मग मी जवळ बसती. मागल्या टायमाला कुणीच नव्हतं."

सकाळपासून ती माझ्यापाशी बसली. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मी उतरत गेले. ती पाठीवरून हात फिरवावा तसा लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवत राहिली. विझताना मला तिचा तळवा जाणवत होता.

त्यानंतर मी खरं बोलू लागले. मुलाखत पार पडली, रेश्माला नोकरी लागली. पण आता अंदाज फारसा हलेना. रेश्मा उठली तरी पाच-दहा मिनिटांचाच काय तो फरक पडायचा. कौसल्या रोज बसायची, बघायची आणि उठून जायची. तिचं जेवण कमी झालं. ते बघून रेश्मा धूळ पुसायच्या निमित्तानं यायची, स्क्रीनचा उजेड कमी करायची आणि चालू असलेलं काम बंद करायची. मग आकडा जरा बरा चढायचा. सासू जेवायची.

परवाच्या दुपारी मात्र रेश्मा परसात कपडे काढत होती. लाईट गेलेली. स्क्रीनचा उजेड पूर्ण होता, सगळं काम उघडंच होतं, मला कुणी हात लावला नव्हता. माझ्यातून जेवढं जात होतं तेवढंच जात होतं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आणि आकडा चढला. एक तास वाढला.

कौसल्या खाटेवर जरा सरकून बसली, शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी.

रेश्मा आत आली. तिनं आकडा पाहिला, मग उजेड पाहिला. "आत्या, तुमी काय दाबलं का?"

"न्हाय," सासू म्हणाली. "मला कुठं येतंय."

खाटेच्या मोकळ्या बाजूला चादरीला कुणी बसल्यासारखा खळगा पडला होता. रेश्मानं तो पाहिला आणि कपडे छातीशी धरून ती तशीच उभी राहिली.

आता मी फुगलेय. आकडाही पुन्हा डळमळतोय. बोटं फिरवायची पट्टी माझ्यामुळं वर उचलली गेलीय. मला ठेवणं धोक्याचं आहे, असं परवेजनं सांगितलंय. उद्या माझ्या जागी नवी येईल. खुशाल बदला मला, माझी तक्रार नाही. रेश्मानं वाढवलेली मिनिटं माझ्यातलीच होती. पण परवाचा तो तास मी दिलेला नव्हता, एवढं रेश्माला कुणीतरी सांगा. की नकोच सांगायला?