वचनशुद्धी

कुंडलच्या जयपाल पाटलांच्या घरातला संडास आठ महिन्यांत पाचव्यांदा तुंबला, तोही नेमका जैन मुनिमहाराजांना घरी आहार द्यायच्या आदल्या दिवशी. सून चंदनानं दार उघडलं आणि नाकाला पदर लावून तशीच मागं सरली. भांडं काठोकाठ भरलं होतं. वर पिवळट फेस, त्यात काय काय तरंगत होतं, आणि वासानं सकाळचा चहा घशाशी आला.

"टाकलंस न्हवं परत?" सासू गुणमालाबाई मागनं ओरडल्या. "पॅड टाकू नगंस म्हनून किती येळा सांगायचं? तुज्या हातनं तुंबलाय, तूच काढ."

चंदनानं एकही पॅड कधी त्यात टाकलं नव्हतं. हे सांगून सांगून तिची जीभ झिजली होती. मागच्या चारही वेळा तिनंच कोपरापर्यंत हात घातला होता, आणि नंतर दोन-दोन दिवस त्या हातानं घास गिळवत नव्हता.

"बाईमाणसानं स्वच्छता पाळावी," सासरे जयपाल सोप्यातनं गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या शब्दाला वजन होतं. गेल्या चातुर्मासात त्यांनी महाराजांपुढं माव्याचा नियम घेतला होता, जन्मात परत तंबाखू-सुपारी तोंडात घालणार नाही असा. समाजानं त्यांचा सत्कारही केला होता.

"असली घाण करनारी मला उद्याच्या आहाराला नगं," सासूबाईंनी निकाल दिला.

हे मात्र चंदनाच्या जिव्हारी लागलं. महाराजांच्या ओंजळीत एक घास आपल्या हातानं घालावा, ही तीन वर्षांची तिची आस होती. तिनं कुणाला न विचारता पलूसच्या नाथाजी प्लंबरला फोन लावला.

नाथाजीनं आकड्याची तार आत सारली, फिरवली, ओढली. आधी एक रबर आलं. मग प्लास्टिकचा चुरगळलेला कागद, आणि मागोमाग कागदांचा गोळाच. बुळबुळीत, काळपट, आत सुपारीचा चोथा, वर अख्ख्या घराची घाण लगडलेली. चंदनाला कोरडी उलटी आली.

"काकू, पॅड न्हाई ह्ये. माव्याचं कागद हायती," नाथाजी सासूबाईंना म्हणाला. "पायपाच्या वाकनात अडकत्यात, मग बाकीचं त्याच्यावर साठतंय. मावा कोन खातंय घरात?"

चंदनाचा नवरा भरतेश नोकरीला पुण्यात. घरात बाप्या एकच, आणि तो एव्हाना चपला घालून मळ्याकडं निघाला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच! रोज सकाळी अर्धा-अर्धा तास आत बसून हा माणूस नियम चघळत होता, आणि सुनेला त्याच घाणीत हात घालताना बघत होता.

नाथाजी गेल्यावर सासूबाईंनी कागद स्वतःच पिशवीत भरले.  मग म्हणाल्या, "उद्या तू उभी ऱ्हा आहाराला. पर ह्ये घराभाईर जायाला नगं. कुनी इचारलं तर पॅडच निघालं म्हन."

चंदनानं होकाराची मान हलवली. जे हवं होतं, ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी दारात "नमोस्तु, नमोस्तु" झालं. महाराज आत आले, पाय धुऊन झाले. घास देणाऱ्यानं आधी आपली मनाची, बोलण्याची, शरीराची शुद्धी बोलून दाखवायची असते; ती नसेल तर मागं सरायचं.

"मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहारजल शुद्ध आहे!" जयपाल हातात कलश धरून खणखणीत आवाजात म्हणाले. ना अडखळले, ना खाकरले.

 कालच्या भांड्याची आली नव्हती एवढी शिसारी चंदनाला त्या आवाजाची आली. सासूबाईंनी तेच शब्द पुटपुटले. मग तिची पाळी आली.

"मनशुद्धी," ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दाशी थांबली. काल हलवलेली मान तिला आठवली. आता स्वतःचीच किळस वाटायला लागली.

तिनं हातातली दुधाची वाटी खाली ठेवली.

"माजी वचनशुद्धी न्हाई, महाराज," ती म्हणाली आणि मागं सरली.

 महाराजांनी एकेकाकडं बघितलं. जयपालांनी मान खाली घातली. गुणमालाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातला कलश काढून घेतला.

"आवं, चला," त्या म्हणाल्या. "आपन बी मागं सरू."