चौथा खांदा

हृदयाचे मोठे डॉक्टर म्हणे! स्वतःचं कुठे काढून ठेवलं होतं कोण जाणे. महिन्यातून एकदा शहरातून सरकारी गाडीने यायचे, डांबरी रस्ता संपतो तिथे गाडी उभी करायचे आणि तिथेच पेशंट तपासायचे. डोंगरातल्या वस्तीने आपापलं दुखणं उचलून खाली आणायचं. कच्च्या रस्त्याने साहेबांची कंबर धरते ना!

त्याच जागी त्यांच्या आताच्या ड्रायव्हरबाईची थोरली बहीण गेली. तेव्हा बाई अजून ड्रायव्हर नव्हती. थोरलीला खाटेवर घालून, धावतपळत खाली आणली, तर साहेबांची गाडी निघालेली. काच दोन बोटं खाली झाली. वेळ संपली, पुढच्या वेळी लवकर आणा, एवढं बोलून काच वर गेली. थोरलीला पुढची वेळ मिळाली नाही. घरी तिची लहान पोर वाट बघत होती.

धाकटीने तेव्हाच मनाशी गाठ मारली. गाडी शिकली, लायसन काढलं, हेलपाटे घातले, नको त्यांची हांजी हांजी केली आणि नेमकी त्याच गाडीवर लागली. साहेबांनी तिला ओळखलंही नाही. ओळखणार कसे? काच दोनच बोटं तर उघडली होती. तिला हवं होतं एवढंच, की या माणसाला एकदा वर न्यायचं आणि तिथून पायी उतरवायचं. दगड, चिखल, धाप, सगळं त्याच्या अंगाला कळू दे.

आणि तिने थाप मारली. वरच्या वस्तीत आज जिल्ह्याचे मोठे साहेब येणार, सोबत फोटोवालेही असणार. झालं! साहेब नवाकोरा शर्ट घालून हजर. कंबरेचं नावही काढलं नाही.

वर पोचल्यावर ते मोठ्या साहेबांना शोधत हिंडले, तेवढ्यात बाईने गाडीखाली शिरून डिझेलच्या टाकीचा बोल्ट सोडला. डिझेल मातीत जिरलं. मग तोंड पाडून सांगितलं, टाकी फुटली, आता चालतच उतरावं लागेल. वर फोनलाही रेंज नव्हती. साहेबांचा चेहरा असा काही उतरला की तिच्या जिवाला गार वाटलं.

पण डॉक्टर आलाय म्हटल्यावर वस्ती थोडीच गप्प बसते? म्हातारीकोतारी, बायाबापड्या, घरात होतं नव्हतं ते माणूस जमलं. साहेब चरफडत एकेकाला तपासू लागले. मेल्याचा हात मात्र चांगला होता, आणि तेही तिला खुपलं. शेवटी तिचे भावजी आपल्या पोरीला घेऊन आले. थोरलीची पोर. जरा खोकला होता, सर्दीचा असेल असं सगळेच धरून चालले होते, मावशीसुद्धा.

साहेबांनी पोरीच्या छातीला नळी लावली आणि त्यांचा चरफडाटच थांबला. हृदयाची झडप खराब आहे, छातीत पाणी भरतंय, मी इंजेक्शन देतो पण त्याने फार वेळ निभणार नाही, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.

"गाडी काढा," ते सवयीने बोलून गेले; टाकी त्यांना मग आठवली.

बाई सूड उगवायला निघाली आणि थोरलीच्याच लेकराचा गळा धरून बसली!

वस्तीतली धडधाकट माणसं कामावर गेलेली. खाटेला भावजी, एक शेजारी आणि बाई, असे तीनच खांदे मिळाले. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि निमूटपणे खाटेचा पुढचा पाय धरला. भावजी पोरीला खाटेवर निजवू लागले, तसे साहेब ओरडलेच.

"झोपवू नका तिला. आडवी केली तर गुदमरेल. पाठीशी उशा लावून बसवा."

बाईने उशी उचलली आणि तिला आठवलं. थोरली अख्खी वाट हेच तर मागत होती. मला उठवून बसवा, म्हणत होती. आणि तिला त्रास नको म्हणून सगळे तिला मायेने दटावून झोपवत होते.

वाट निसरडी होती. अर्ध्यावर साहेबांच्या फोनला रेंज आली. खाट न सोडता, एका हाताने फोन धरून त्यांनी रुग्णवाहिका मागवली. डांबरापाशी थांबू नका, जमेल तेवढं वर या, असं दोनदा बजावलं. पुढच्या वळणावर त्यांनी जरा टेकू या का म्हणून विचारलं. बाई त्यांच्या मागेच होती.

"खाट खाली ठेवायची नाही," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला आम्ही याच वाटेने आडवी आणली. बसवा म्हणत होती, आम्ही दाबून धरली. तुम्ही काच उघडलीत तेव्हा एवढंच सांगायचं होतंत. बसवा तिला. दोन शब्द, बस."

साहेबांना मागे वळता येत नव्हतं. खांद्यावर पोर होती. त्यांनी हळूच विचारलं,

"टाकी फुटली नव्हती ना?"

"नाही. मीच सोडली, तुम्हाला चालवायला." ती म्हणाली. "हिला काही झालं ना, तर मी तुम्हालाही सोडणार नाही आणि स्वतःलाही."

साहेबांनी खाटेचा पाय खांद्यावर नीट घेतला. वरून पोरीची धाप दोघांच्याही कानांवर पडत होती, आणि दोघंही पाऊल उचलून चालत होती.