साहेबांचा शब्द आणि सिद्देगौडाची म्हैस

जवरप्पावर म्हैस चोरल्याचा खटला होता, आणि म्हैस सापडली होती त्याच्याच गच्चीवर. आता गच्चीवर म्हैस लपवणारा चोर साऱ्या मंड्या जिल्ह्यात दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही, पण फौजदाराला हे सांगणार कोण? म्हैस शेजारच्या सिद्देगौडाची. नाव केंची.

"खरं काय ते सांग," मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले.

जवरप्पाने हात जोडले. "स्वामी, गच्चीवर कुळीथ वाळत घातले होते. वासाने ती आपली आपण जिना चढली. म्हशीला चढता येतं, उतरता येत नाही. मी ओढलं, ढकललं, शेपूट पिरगाळलं. शेवटी दोन दिवस वरच चारापाणी केलं."

"मग शेजाऱ्याला का नाही सांगितलंस?"

"आमचा अबोला आहे स्वामी. कुंपणावरून. मी का आधी बोलू?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "लुडिक्रस," ते म्हणाले, आणि पुढे बरंच काही इंग्रजीत म्हणाले. कानडीतून इंग्रजीत शिरायची त्यांना खोड होती.

जवरप्पाला इंग्रजी कळत नव्हतं. खोटारडा म्हणाले असतील, तर संपलंच. त्याने बेंच क्लार्क शेषगिरी रावांना हळूच विचारलं, "अय्या, म्हणजे खोटं का?"

"खोटं नव्हे," राव कुजबुजले. नोकरीची सत्तावीस वर्षं त्यांनी साहेब लोकांचं इंग्रजी उलगडण्यात घालवली होती, आणि शब्दाच्या बाबतीत ते कुणाची गय करत नसत. "खोट्याला वेगळा शब्द आहे. हा म्हणजे, ऐकून शहाण्या माणसाला हसू यावं इतकं वेडगळ."

"मग बरोबर आहे की. मी कुठं नाही म्हणतो?"

"काय म्हणतोय तो?" साहेबांनी विचारलं.

"त्याला मान्य आहे म्हणतो, स्वामी."

"गुन्हा मान्य?" साहेबांनी पेन उचललं.

"नाही, नाही स्वामी. शब्द मान्य."

कोर्ट हसलं. सिद्देगौडा मात्र हसला नाही. त्याने साक्षीत ठासून सांगितलं, "तीस वर्षं म्हशी पाळतोय. म्हैस जिना चढत नसते." कुणालाही पटावं असं बोलणं होतं. साहेबांनी मान हलवली, आणि तरी काय मनात आलं कुणास ठाऊक, पुढच्या गुरुवारी जागेवर येऊन बघतो म्हणाले.

बाहेर पडताना जवरप्पाने रावांना गाठलं. "अय्या, तो शब्द कुठं कुठं वापरतात?"

"बोलण्याला, वागण्याला, माणसालासुद्धा. पण साहेबांच्या तोंडावर नको."

घरी जाईस्तोवर त्याने तो बसच्या दाराला वापरला, कंडक्टरच्या टोपीला वापरला, आणि जेवताना बायकोला, होन्नम्माला, अर्थासकट ऐकवला. तिने ताटात नाचणीच्या मुद्देचा गोळा वाढला आणि म्हणाली, "शेजाऱ्याशी अबोला धरायचा आणि त्याचीच म्हैस दोन दिवस पोसायची, अशा माणसाला चालतो का हा शब्द?"

जवरप्पाने मुद्देचा घास गिळला. जेलची भीती होतीच, पण खरं दुखणं दुसरं होतं. फौजदार चोर म्हणाला ते त्याने सोसलं असतं. सिद्देगौडाने, लहानपणापासूनच्या सिद्दाने, चोर म्हणावं, हे सोसवत नव्हतं. एका विहिरीवर पोहायला शिकलेली माणसं ती.

गुरुवारी साहेब आले. गच्चीवर कुळीथ पसरले होते, केंचीला जिन्याशी आणून उभं केलं होतं, आणि निम्मा गाव कुंपणावर बसला होता. केंचीने जिन्याकडे ढुंकून पाहिलं नाही. तासभर ती नुसती रवंथ करत राहिली. सिद्देगौडा कुणाकडेच न बघता म्हणाला, "मी सांगितलंच होतं."

"उन्हं फार झाली," साहेब म्हणाले. "वर वारा आहे, तिथं जेवून निघू." डबा घेऊन ते रावांबरोबर गच्चीवर गेले. गावही कंटाळून पांगला.

साहेबांचा दुसरा घास तोंडात होता, तेव्हा जिन्यात खुरं वाजली. केंची एक एक पायरी चढत वर आली, जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली आणि कुळथात तोंड घालून खाऊ लागली. जिना एवढासा, म्हैस एवढी मोठी. साहेबांनी "हट्" म्हणून पाहिलं. रावांनी छत्रीने ढोसून पाहिलं. तालुक्याला साहेबांचे तीन खटले ताटकळत होते, पण तिला कोण सांगणार? अडला हरी, दुसरं काय.

खालून जवरप्पा अदबीने म्हणाला, "स्वामी, तुमचाच शब्द."

चार वाजता सिद्देगौडाने तिच्या डोळ्यांवर पोतं बांधलं, पायऱ्यांवर पेंढा पसरला, आणि "केंचव्वा, ये माझी बाय" असं चुचकारत तिला खाली आणलं. मागून शेपूट धरायला जवरप्पाच होता. बावीस पायऱ्या दोघांनी मिळून उतरवल्या, आणि एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

पुढच्या तारखेला कोर्टात निकाल रावांनी कानडीत वाचून दाखवला. "बचाव लुडिक्रस आहे, पण खरा आहे. फिर्याद शहाणपणाची आहे, पण खोटी आहे. आरोपी निर्दोष."

जवरप्पाने तो दोनदा वाचायला लावला. मग तो बसस्टँडवर आला, तर मागून सिद्देगौडा.

"मी खोटं कुठं बोललो?" सिद्देगौडा म्हणाला. तीन महिन्यांत जवरप्पाशी बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य. "मला वाटलं तेच बोललो. दोन दिवस तिला विहिरीविहिरीत शोधत होतो रे."

या घडीसाठी जवरप्पाने चांगली धारदार वाक्यं जमवून ठेवली होती. पण हा विहिरींत वाकून बघत होता, तेव्हा आपण गच्चीवरून त्याला बघत होतो, हे त्याला पक्कं आठवलं.

"सिद्दा, आपण दोघं लुडिक्रस," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"बसमध्ये सांगतो. लांबण आहे."

बस आली. सिद्देगौडा आधी घुसला, शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली, आणि जवरप्पा आत येईपर्यंत तिथं कुणाला बसू दिलं नाही.