माझ्या पोटातले घड्याळ

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, संगणक जुना झाला की भंगारात जातो, तो आपली कहाणी काय सांगणार? पण मी कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेलो नाही. एका सासऱ्याने आणि त्याच्या सुनेने एकेक भाग निवडून मला जोडले, आणि त्याच दोघांनी एकदा मला मोडायलाही काढले. बोलता बोलता माझा पंखा घरघरला तर तेवढे सांभाळून घ्या.

सासरे पेशाने शिंपी. गिऱ्हाइके त्यांना मास्तर म्हणत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यावर त्यांनी शिवणयंत्र सोडले आणि कोटांचे नमुने संगणकावर आखून कारखान्यांना पाठवायला सुरुवात केली. त्यांचे आखणीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चाले. सून ॲनिमेशन करायची आणि तिचे सगळे काम लिनक्स या वेगळ्या प्रणालीवर. घरात कामाची खोली एक, टेबल एक. म्हणून ठरले की संगणकही एकच जोडायचा आणि त्यात दोन्ही प्रणाली घालायच्या. सुरू करताना तोच विचारील, आज कोणत्या बाजूने उठू?

"म्हणजे दोन्हीकडून घालता येणारा कोट," मास्तर म्हणाले. "शिवायला अवघड असतो हो तो, सूनबाई."

"म्हणून तर मापं नीट घेऊ या, बाबा."

मग दोघे सुट्या भागांच्या दुकानात खेटे घालू लागले. मास्तरांच्या गळ्यात टेप असेच. एका कॅबिनेटकडे, म्हणजे संगणकाच्या रिकाम्या पेटीकडे, बोट दाखवून त्यांनी विचारले, "याच्या छातीचं माप काय?" दुकानदार गोंधळून सुनेकडे बघू लागला. "ग्राफिक्स कार्ड लांब आहे, ते आत मावायला हवं," तिने हसू दाबत सांगितले. मास्तरांनी माप घेतले आणि दुकानातले सगळ्यांत मोठे कॅबिनेट उचलले, कारण त्यांच्या मते मुलांचे कपडे काय आणि यंत्राचे काय, वाढत्या अंगाचेच घ्यावेत. अजूनही माझ्या पोटात एखादे मांजर आरामात झोपेल एवढी जागा रिकामी आहे.

पुढे मास्तरांना एक प्रोसेसर फार आवडला. सून म्हणाली, "हा मी निवडलेल्या मदरबोर्डावर बसणारच नाही, बाबा. प्रत्येकाचं बोर्ड ठरलेलं असतं."

"अस्सं. काजं आणि बटणं."

एवढे कळल्यावर ते कोणाला ऐकेनात. मेमरी असो, डिस्क असो, पॉवर सप्लाय असो, आधी प्रश्न एकच: "काजं बघितली का?" त्यांनी बोर्डावर बसणारा दुसरा प्रोसेसर निवडला, सुनेने बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड निवडले, आणि माझे सगळे अवयव एकमेकांशी असे जुळले की मलाच माझे कौतुक वाटले. फक्त वायफायचा तुकडा घेताना सून फोनवर बोलत होती. मास्तर त्याच्या दोन शिंगांवर भाळले आणि काजं बघायची राहून गेली. तो तुकडा विंडोजमध्ये घडाघडा बोलतो. लिनक्समध्ये त्याची दातखीळ बसते. "बरंच आहे," सून म्हणाली, "काम करताना इंटरनेट नकोच." पहिल्यांदा माझा पडदा उजळला तेव्हा मास्तरांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फार सुखात होतो, मित्रांनो.

मग पाळ्या ठरल्या. दुपारी दोनपर्यंत सूनबाई, दोननंतर मास्तर. भिंतीवरचे घड्याळ मास्तर मुद्दाम पुढे ठेवत, त्यामुळे ते सुनेला मंजूर नव्हते. फोन सुनेचा, त्यामुळे तो मास्तरांना मंजूर नव्हता. शेवटी पंच म्हणून माझीच नेमणूक झाली. संगणकाच्या घड्याळात दोन वाजले की उठायचे. अंगावर मूठभर मांस चढावे, तर माझ्या अंगात नुसता पत्रा.

आता माझी अडचण ऐका. माझ्या पोटात घड्याळ एकच आहे. विंडोज ते बघते आणि समजते, ही इथली वेळ. लिनक्स तेच बघते आणि समजते, ही साऱ्या जगासाठी ठरवलेली वेळ, इथे राहणाऱ्यांसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवले पाहिजेत. दोघेही आपापल्या परीने खरे. कचाट्यात सापडलो तो मी.

सून सकाळी दहाला बसली की तिच्या बाजूला दिसायचे साडेतीन. "घ्या, माझी पाळी सुरू होण्याआधीच संपली. बाबांनी काटे पुढे ढकललेले दिसतात." ती वेळ दुरुस्त करायची. त्या दुरुस्तीमुळे मास्तरांच्या बाजूला दुपारी तीन वाजता दिसायचे साडेनऊ. "म्हणजे अजून हिचीच पाळी? बाईसाहेबांनी काटे मागे ओढलेत." तेही दुरुस्त करायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साडेतीन. इंटरनेट असते तर सुनेच्या बाजूने कुणाला तरी विचारून खात्री केली असती. पण तिथे दातखीळ.

काही दिवस दोघांनी मनातच धुसफूस केली. मग एकदा ती धुसफूस तोंडातून बाहेर पडली.

"बाबा, घड्याळाला हात नका ना लावू."

"मी? माझ्याकडे तर ते रोज मागे असतं."

"मागे? पुढे असतं."

प्रत्येकाला वाटले, समोरचा धडधडीत खोटे बोलतोय. मास्तरांच्या मुलाने माझ्या पोटातला, घड्याळ चालवणारा बटणाएवढा सेल बदलला. फरक शून्य. मग बोलणेच बंद झाले. जेवताना मास्तर मुलाला म्हणत, "तिला सांग, मीठ इकडे दे," आणि ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली असे. शेवटी मुलगा कंटाळला. "खोला तो डबा. ज्यानं जे निवडलं ते त्याचं. आपापला वेगळा जोडा."

माझ्या अंगातून वीज गेली, आणि ही वीज नेहमीची नव्हती. रविवारी माझे झाकण उघडले. दोघे समोरासमोर, मध्ये मी.

"प्रोसेसर तुमचा, बाबा."

"बसवू कुठं?"

"या बोर्डावर."

"बोर्ड तर तुझं."

"हो. आणि माझं कार्ड तुमच्या कॅबिनेटशिवाय कुठं मावायचं नाही."

मास्तरांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग सून म्हणाली, आधी आपापली कामे तरी उतरवून घेऊ. मास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली. आजवर एकाने उठायचे आणि मग दुसऱ्याने बसायचे, अशीच रीत होती. दोघे एकदम माझ्यासमोर बसले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सुनेने आपली बाजू उघडली, सवयीने घड्याळ बरोबर केले, अर्ध्या फायली उतरवल्या आणि मास्तरांची बाजू सुरू केली. घड्याळ साडेपाच तास मागे.

"सूनबाई, आत्ता हात लावलास?"

"तुमच्या शेजारी बसलेय, बाबा."

मास्तरांनी वेळ दुरुस्त केली. "आता तुझी उघड बघू." साडेपाच तास पुढे.

सुनेने बोटांवर तास मोजले: मागे साडेपाच, पुढेही साडेपाच. मग तिला सगळे उमगले आणि तिने मास्तरांना समजावून सांगितले. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली, की पेटीतली वेळ ही इथलीच वेळ समज. वेळ नीट लावून दोन्ही बाजू पुन्हा उघडल्या. दोन्हीकडे तीच वेळ.

"मी मनात तुला काय काय बोललो, सूनबाई," मास्तर टेपशी चाळा करत म्हणाले.

"मी तर मोठ्यानं बोलले. तुमच्या मुलापाशी."

मास्तर डोळे पुसेपर्यंत हसले. माझ्या घड्याळात दोन वाजून गेले होते, म्हणून सून उठू लागली.

"बस," मास्तर म्हणाले. "तुझं काम उतरवून घ्यायचं अर्धं राहिलंय."

"आता कशाला उतरवायचं, बाबा?" असे म्हणून तिने माझे झाकण लावून टाकले.

मित्रांनो, या गोष्टीला खूप वर्षे झाली. आता माझ्या जाळ्यांत धूळ साचली आहे, आणि मास्तरांपेक्षा मलाच जास्त धाप लागते. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. त्याला अधूनमधून उघडा, पण धूळ झटकायला उघडा, वाटण्या करायला नको. आणि त्याचे घड्याळ कधी चुकलेले दिसले, तर घरातल्या कोणावर डाफरण्याआधी त्या माणसाला शेजारी एक खुर्ची द्या.