नजर मात्र शेप्यावर

मी बोलतेय, गवत कापायची गाडी. वर बसून चालवायची, बॅटरीवरची. आणि आधीच सांगून टाकते, मला त्या शेप्याचा भयंकर मत्सर वाटतो.

शेप्या म्हणजे वारज्यातल्या हिंदुरावांच्या बंगल्यामागचं आंब्याचं झाड. फळाला शेपूचा वास, म्हणून शेप्या. शेजारचा गोल फळांचा तो गोट्या, पलीकडचा साखऱ्या. इथे झाडाझाडाला नाव आहे. मला मात्र सगळे 'मशीन' म्हणतात.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या मोठ्या मैदानावर जाईन. नशीब बघा! हिंदुरावांची शेती गेली, चहूकडे इमारती उठल्या, उरला हा झाडांनी भरलेला तुकडा. ट्रॅक्टरही विकला. तेव्हापासून ते गप्प गप्प असायचे, म्हणून त्यांच्या मुलाने, विक्रमने मला आणलं. पहिल्या दिवशी हिंदुराव माझ्यावर बसले, स्टिअरिंग धरलं आणि काय खुलले! त्यांच्या पत्नीने, बायडाबाईंनी मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी हुरळूनच गेले.

"बेस हाय," हिंदुराव म्हणाले. "पर आवाजच न्हाय हिला."

आवाज नाही म्हणे! घ्या, आता ऐका.

नांगरताना मागे वळून तास सरळ पडतोय का ते बघायची त्यांना जन्माची सवय. माझ्यावर बसूनही ते मागेच बघायचे, कापलेल्या गवताचा पट्टा सरळ निघाला का म्हणून. मोकळ्या रानात चाललं असतं हो. इथे चार पावलं गेलं की झाड! व्हायचं तेच झालं. मी धाडकन शेप्यावर आदळले.

माझा पुढचा पत्रा चेपला, दिवा फुटला. हिंदुराव उतरले आणि थेट झाडाकडे धावले. "आरं माझ्या राजा, लई लागलं का रं?" वीतभर साल सोलली होती. त्यावर बायडाबाईंनी शेणमाती लिंपली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

संध्याकाळी विक्रम आला. "बाबा, इथे टर्न घ्यायलाच जागा नाहीये. शेप्या आणि गोट्या काढून टाकू. महापालिकेच्या परवानगीचं मी बघतो. मग मशीन कसं फ्री फिरेल."

मला आनंद झाला. हो, झाला! खोटं कशाला बोलू? मनातल्या मनात मी शेप्याची लाकडं करून रचूनसुद्धा ठेवली.

हिंदुराव उठून माझ्याजवळ आले. माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "रान गेलं तवा म्या सही केली. आता न्हाय करायचो. ही मशीन दिऊन टाक कुणाला तरी."

संपलं! गवत बायडाबाईंच्या विळ्याकडे गेलं. तो मेला बुंध्याच्या फटीतसुद्धा शिरतो, त्याच्यावरही मी जळते. आणि गिऱ्हाईक येईपर्यंत मला उभं कुठे केलं? शेप्याच्या सावलीत. वैऱ्याच्या दारात!

थोड्याच दिवसांत हडपसरच्या एका कंपनीतला माणूस विक्रमबरोबर मला बघायला आला. त्यांचं म्हणे मोठं लॉन आहे आणि त्यात झाड एकही नाही. मला तरी दुसरं काय हवं होतं? तेव्हा हिंदुराव चहाचा कप घेऊन माझ्यावरच बसले होते. हल्ली रोज संध्याकाळी ते असे येऊन बसायचे, चावी न लावता.

"काका, गाडी द्यायची आहे ना?"

"कंची गाडी?" हिंदुराव म्हणाले. "ही माझी खुर्ची हाय."

विक्रमने कपाळाला हात लावला. तो माणूस आल्या पावली परत गेला. खुर्ची म्हटल्याचा मला राग यायला हवा होता. नाही आला. माझी म्हणाले ते.

आता मी इथेच असते. बॅटरी उतरलीय, पात्यांना गंज चढतोय. शेप्याचा मोहोर माझ्या अंगावर पडतो आणि मला तो झटकताही येत नाही. हिंदुराव रोज येतात, माझ्यावर बसतात आणि बघतात कुणाकडे? शेप्याकडे. मोहोर गळतोय का, साल धरतेय का, सगळी विचारपूस त्याची.

वारज्याला कधी आलात तर माझा एवढा निरोप त्यांना द्या. म्हणावं, अहो हिंदुराव, शेप्याची साल केव्हाच भरून आली. तुम्ही जिच्यावर बसलाय ना, तिचा पत्रा अजून चेपलेलाच आहे.